विश्लेषण : ‘आमनी स्मिता’ म्हणताना खान्देशने नेमके काय आठवावे?

दरवर्षी १७ ऑक्टोबर आणि १३ डिसेंबर या दोन तारखांना धुळे, जळगाव, नंदुरबारच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक चेहरा हमखास फिरतो. मोठे डोळे, सावळा वर्ण, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि खाली ‘खान्देशकन्या’ असे शब्द. पहिली तारीख स्मिता पाटील यांच्या जन्माची, दुसरी मृत्यूची. या दोन तारखांमध्ये अवघी ३१ वर्षे मावतात आणि कारकीर्द तर जेमतेम बारा वर्षांची. अभिमान रास्तच आहे. पण हा अभिमान नेमका कशाचा आणि त्यातून खान्देशातील आजच्या मुलींच्या हाती काय पडते, हा प्रश्न दोन्ही तारखांना राहून जातो.

स्मिता पाटील खान्देशच्या कशा?

स्मिता यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात झाला. शाळाही पुण्यातली आणि पुढचे काम मुंबईतले. खान्देशशी नाते आहे ते वडिलांकडून. शिवाजीराव गिरधर पाटील हे शिरपूरच्या राजकारणातले आणि सहकारातले मोठे नाव. स्वातंत्र्यलढ्यात भाग, नंतर आमदारकी, राज्यात मंत्रिपद, सहकारी साखर चळवळीत देशपातळीवर काम आणि २०१३ मध्ये पद्मभूषण असा त्यांचा प्रवास. आई विद्याताई परिचारिका आणि समाजकार्यकर्त्या. घरात राष्ट्र सेवा दलाचे वातावरण होते.

त्यामुळे ‘शिरपूरची माती आणि तिथून थेट पडद्यावर’ ही गोष्ट ऐकायला गोड असली तरी खरी नाही. स्मिता घडल्या त्या खान्देशी घरात आणि पुण्या-मुंबईच्या संस्थांमध्ये. हा फरक मान्य केल्याने अभिमान कमी होत नाही. उलट तो मान्य केला, तरच पुढचा प्रश्न विचारता येतो. स्मिता यांना पुण्या-मुंबईत जे मिळाले, ते धुळ्या-जळगावात कोणाला मिळू शकते का?

वडील मंत्री असल्याने सगळे सोपे झाले, असा आक्षेप घेतला जातो. सुस्थितीतल्या, सुशिक्षित घराचा आधार होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या काळात आमदार-मंत्र्यांच्या घरात मुलीने सिनेमात जाणे ही मिरवण्याची गोष्ट नव्हती. पुढाऱ्याच्या मुलीला अडवायला भाऊबंदकी, पक्ष आणि मतदारसंघ असे तिघेही तयार असतात. या घराने अडवले नाही, हेच त्याचे मोठे योगदान. प्रतिष्ठेपेक्षा मुलीच्या कामाला मोठे मानणारे घर ही त्या कारकिर्दीची पहिली पायरी होती.

सुरुवात कशी झाली?

दुसरी पायरी होती दूरदर्शन. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि स्मिता तिथे मराठी बातम्या देऊ लागल्या. जीन्सवरच साडी नेसून त्या बातम्यांना बसत, हा किस्सा अनेकांनी सांगितला आहे. तिसरी पायरी पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट. अरुण खोपकर यांच्या ‘तीव्र मध्यम’ या पदविका चित्रपटात त्यांनी काम केले. छोट्या पडद्यावरचा तो चेहरा श्याम बेनेगल यांच्या नजरेत भरला आणि १९७५ मध्ये ‘चरणदास चोर’ व ‘निशांत’ हे दोन चित्रपट आले. त्याच सुमारास जब्बार पटेल यांच्या ‘सामना’मध्येही त्या छोट्या भूमिकेत दिसल्या. साखर कारखान्याभोवतीच्या सत्ताकारणावरचा तो चित्रपट, आणि त्यात काम करणारी मुलगी साखर सहकारातल्या नेत्याची. चळवळीवरची टीका घरातल्यांनी चालवून घेतली, हेही या घराबद्दल बरेच सांगते.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दूरदर्शन आणि फिल्म इन्स्टिट्यूट या दोन्ही संस्था सरकारी होत्या. रूढ अर्थाने ‘हिरॉइन’ न दिसणाऱ्या, सावळ्या मुलीला पहिली संधी दिली ती बाजाराने नव्हे, लोकांच्या पैशातून चालणाऱ्या संस्थांनी. बाजार नंतर आला.

बारा वर्षांत केले काय?

१९७६ चा ‘मंथन’ गुजरातेतील दूध सहकारावर आहे. गुजरातेतल्या ५ लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये दिले आणि १० लाखांत चित्रपट उभा राहिला. स्मिता त्यात बिंदू झाल्या. आपल्या म्हशीच्या दुधाचा दाम ओळखणारी, शहरातून आलेल्या साहेबाला तोंडावर सुनावणारी गावातली बाई.

१९७७ च्या ‘भूमिका’ने त्यांना पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर बेतलेला हा चित्रपट. नटीच्या कमाईवर घर चालते आणि तेच घर तिला नाव ठेवते, ही त्यातली जखम. कारकिर्दीच्या पहिल्या काही वर्षांतच, विशीतल्या स्मिता यांनी एका स्त्रीचे पोरवयापासून प्रौढपणापर्यंतचे आयुष्य त्यात उभे केले. त्याच वर्षी मराठीत ‘जैत रे जैत’ आला. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरील या चित्रपटाची गाणी ना. धों. महानोरांची. महानोर अजिंठ्याच्या डोंगराजवळच्या पळसखेड्याचे. जळगावच्या सीमेला लागून असलेल्या त्या शिवारातले शब्द आणि शिरपूरच्या घरातली नायिका पडद्यावर एकत्र आली, हा योग खान्देशात फारसा सांगितला जात नाही.

मग ‘आक्रोश’मधील नागी, झोपडपट्टीवरील ‘चक्र’मधली अम्मा, सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी केलेली ‘सद्गती’, मृणाल सेन यांचा बंगाली ‘अकालेर संधाने’, केतन मेहता यांचा गुजराती ‘भवनी भवाई’, जी. अरविंदन यांचा मल्याळम ‘चिदंबरम’. जयवंत दळवी यांच्या कादंबरीवरील ‘चक्र’ने दुसरा राष्ट्रीय पुरस्कार दिला. १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा वय तिशीच्या आत होते.

१९८२ हे एकच वर्ष पाहिले तरी आवाका कळतो. ‘उंबरठा’, ‘बाजार’ आणि ‘अर्थ’ एकीकडे, ‘शक्ती’ आणि ‘नमक हलाल’ दुसरीकडे. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरील ‘उंबरठा’त त्या महिला सुधारगृहाच्या अधीक्षक सुलभा महाजन होत्या. नोकरीसाठी घर सोडणाऱ्या सुलभाला परतल्यावर घर जागा देत नाही. चाळीस वर्षांनंतरही बदलीची ऑर्डर हाती आलेल्या किती शिक्षिकांना, परिचारिकांना, ग्रामसेविकांना हा उंबरठा ओळखीचा वाटेल!

व्यावसायिक चित्रपट का केले?

‘समांतर सिनेमाची स्मिता’ ‘नमक हलाल’मध्ये पाहून अनेक चाहते तेव्हा नाराज झाले, आजही होतात. पण याचे कारण स्वतः स्मिता यांनीच मुलाखतींतून सांगितले होते. सुमारे पाच वर्षे त्यांनी फक्त छोट्या, गंभीर चित्रपटांना वेळ दिला, व्यावसायिक प्रस्ताव नाकारले. मग त्या चित्रपटांचीही हवा झाली, तिथेही ‘नाव’ असलेले चेहरे हवेसे झाले आणि काही प्रकल्पांतून त्यांनाच वगळले गेले. तेव्हा त्यांनी ठरवले की आधी नाव करायचे.

म्हणजे दोष त्यांच्या निष्ठेत नव्हता, व्यवस्थेत होता. चांगल्या सिनेमालाही बाजारातला चेहरा लागतो आणि तो चेहरा मिळवण्याची किंमत नटीने एकटीने मोजायची असते. पडद्यावर ‘भूमिका’ने जे सांगितले, तेच वेगळ्या रूपात त्यांच्या वाट्याला आले. म्हणूनच त्यांच्या कारकिर्दीचे ‘खरी’ आणि ‘तडजोडीची’ असे दोन तुकडे करणे अन्यायाचे आहे. कापसाला भाव नाही म्हणून मका लावणाऱ्या शेतकऱ्याला कोणी शेतीद्रोही म्हणत नाही. नटीला मात्र हा न्याय लावला जात नाही.

फ्रान्समधील कानचा संबंध काय?

जगातील सर्वांत मानाच्या मानल्या जाणाऱ्या कान महोत्सवात स्मिता यांचे काम दोनदा पोहोचले. ‘निशांत’ १९७६ मध्ये मुख्य स्पर्धेत होता. आणि मे २०२४ मध्ये, ‘मंथन’ची फिल्म हेरिटेज फाउंडेशनने जपून दुरुस्त केलेली प्रत ‘कान क्लासिक्स’ विभागात दाखवली गेली. नसीरुद्दीन शाह यांच्यासोबत स्मिता यांचे पुत्र प्रतीक तिथे होते. पुढच्या महिन्यात ती प्रत देशातील अनेक शहरांत चित्रपटगृहांतही लागली.

दूध उत्पादकांच्या दोन-दोन रुपयांतून झालेला चित्रपट जवळपास अर्ध्या शतकाने फ्रान्समध्ये पुन्हा उभा राहतो, याचे कारण तो कोणीतरी सांभाळला. फिल्मची रिळे दमट हवेत सडतात, रंग उडतात, आवाज जातो. कलाकार मोठा असला तरी त्याचे काम आपोआप टिकत नाही. ते टिकवण्यासाठी माणसे, पैसा आणि ठरवून केलेले प्रयत्न लागतात. व्हॉट्सअॅपवर फोटो पुढे पाठवल्याने ते होत नाही.

खान्देशला हे चित्रपट आपले का वाटावेत?

यातील एकाही मोठ्या चित्रपटाची कथा धुळे-जळगावात घडत नाही. तरीही विषय पाहा. ‘मंथन’मधला दूध संकलनाचा आणि मापाचा प्रश्न गावोगावच्या डेअरीवर आजही पहाटे ऐकू येतो. ‘आक्रोश’मध्ये आदिवासीच्या बाजूने कोणी बोलत नाही, तो स्वतःही गप्प राहतो. आणि हा चित्रपट येण्याआधीच्या दशकात, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहाद्यात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेच्या नेतृत्वाखाली आदिवासी शेतमजुरांनी तोंड उघडले होते. शहादा आणि शिरपूर हे शेजारचे तालुके.

‘मिर्च मसाला’तील सोनबाई तर खान्देशी बाईला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. सुभेदाराच्या तावडीतून निसटून मिरचीच्या कारखान्यात आसरा घेणारी ती बाई, आणि शेवटी लाल तिखटाचाच हत्यारासारखा वापर करणाऱ्या तिथल्या कामकरी बायका. नंदुरबारच्या मिरची पथारीवर दिवसभर ठसका सोसत मिरच्या निवडणाऱ्या बायकांना ते दृश्य अंगावर येईल. एनएफडीसीच्या पैशातून झालेला हा चित्रपट १९८७ मध्ये लागला, तेव्हा स्मिता हयात नव्हत्या. २०१३ मध्ये ‘फोर्ब्स इंडिया’ने भारतीय चित्रपटांतील २५ सर्वोत्तम अभिनयांची यादी केली, त्यात ही भूमिका आहे.

मृत्यूबद्दल काय बोलले जात नाही?

२८ नोव्हेंबर १९८६ रोजी प्रतीक यांचा जन्म झाला आणि १३ डिसेंबरला, पंधराव्या दिवशी, प्रसूतीनंतरच्या गुंतागुंतीतून स्मिता गेल्या. वय ३१. त्यांच्या खासगी आयुष्यावर आजवर भरपूर लिहिले गेले. प्रेम, लग्न, नातेवाईक, सगळे चघळून झाले. पण त्या मृत्यूतला साधा धडा मागे राहिला.

वैद्यकशास्त्र बाळंतपणानंतरचे ४२ दिवस धोक्याचे मानते. या काळात ताप, रक्तस्राव, जंतुसंसर्ग यांतले काहीही झाले तर तो ‘थकवा’ समजून अंगावर काढायचा नसतो. मुंबईतल्या नामवंत अभिनेत्रीला ही गुंतागुंत गाठू शकते, तर सातपुड्याच्या पाड्यावरच्या बाळंतिणीचे काय? बाळ झाले की घरातले सगळे लक्ष बाळाकडे जाते, आईकडे बघायला कोणी उरत नाही. १३ डिसेंबरला खान्देशात स्मिता यांच्या नावाने काही करायचेच असेल, तर पुष्पहारापेक्षा गावातील आशाताईंना सोबत घेऊन बाळंतिणींच्या तपासणीचा एक दिवस ठेवणे अधिक शोभून दिसेल. स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या मुंबईतील विमेन्स सेंटरशी त्या स्वतः जोडलेल्या होत्या. त्यांना हे आवडले असते, असे म्हणायला जागा आहे.

आजच्या मुलीला कोणती पायरी मिळते?

गेल्या काही वर्षांत एक दार मात्र सताड उघडले आहे. अहिराणी गाण्यांचे आणि विनोदी प्रसंगांचे व्हिडिओ यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिले गेले आहेत. लग्नात, हळदीत, गणपतीत ते वाजतात. मुंबईच्या स्टुडिओची पायरी न चढता इथली पोरे मोबाइलवर शूटिंग करतात, एडिट करतात, पैसेही मिळवतात. अहिराणीला ‘गावठी’ म्हणून हसणाऱ्यांना त्यांनी परस्पर उत्तर दिले. हे यश छोटे नाही.

पण दूरदर्शनची जागा यूट्यूबने घेतली तरी बाकीच्या पायऱ्या कुठे आहेत? अभिनय शिकवणारे, चूक दाखवणारे, वेगळी गोष्ट सांगायला पैसे देणारे कोण? बहुतेक व्हिडिओंत मुलीला काम असते ते नटून-थटून नाचण्याचे किंवा नवऱ्याशी भांडण्याचे. मेकअपने चेहरा दोन छटा उजळ केलेला असतो. स्मिता यांचा सावळा चेहरा स्टेटसला ठेवणाऱ्या प्रदेशात, सावळ्या मुलीला सावळेच ठेवून मध्यवर्ती भूमिका देणारे व्हिडिओ शोधावे लागतात. आणि काम करणाऱ्या मुलीच्या वाट्याला कमेंटमध्ये काय येते, हे वेगळे सांगायला नको. ‘भूमिका’ अजून संपलेली नाही.

यात दोष त्या पोरांचा नाही. त्यांनी आपल्या बळावर उभे केले. दोष आहे तो त्यांना एकटे सोडणाऱ्यांचा.

मग करायचे काय?

यासाठी मोठी ‘फिल्मसिटी’ नको. अशा घोषणा पुष्कळ होतात. जे आहे त्यातूनच सुरुवात होऊ शकते. जळगावात संभाजीराजे नाट्यगृह आहे, धुळ्यात राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिर आहे. महिन्यातली एक संध्याकाळ चांगल्या चित्रपटासाठी राखली आणि पाहून झाल्यावर अर्धा तास चर्चा ठेवली, तर फिल्म सोसायटी उभी राहते. सत्तरच्या दशकात समांतर सिनेमाला प्रेक्षक मिळाला तो अशाच फिल्म सोसायट्यांतून. सुरुवात ‘मंथन’ने करावी, आणि पहिले निमंत्रण दूध संघाच्या सभासदांना द्यावे.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने आणि दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांनी अहिराणी व्हिडिओ करणाऱ्या मुलामुलींना वर्गात बोलवावे. शिकायला आणि शिकवायलाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे लघु अभ्यासक्रम इतर शहरांत होतात, ते इथे मागून आणता येतील. साखर कारखाने, बँका, पतसंस्था दरवर्षी दिनदर्शिका आणि डायरी छापतात. त्याच खर्चातला थोडा भाग इथल्या मुलीने लिहिलेल्या, दिग्दर्शित केलेल्या एका लघुपटाला देता येईल.

कापसाचा भाव, केळीवरचा रोग, तापीचे पाणी, बेरोजगारी असे प्रश्न डोक्यावर असताना सिनेमाची चैन कशाला, असे कोणी विचारेल. प्रश्न चुकीचा नाही. त्याचे उत्तर १९७६ मध्ये गुजरातच्या दूध उत्पादकांनी देऊन ठेवले आहे. तेही श्रीमंत नव्हते. तरी त्यांनी दुधाच्या पैशातले दोन रुपये चित्रपटाला दिले, कारण त्यात त्यांच्या गोठ्याची, त्यांच्या मापाची, त्यांच्या अपमानाची गोष्ट होती. तो लागला तेव्हा ट्रक-ट्रॅक्टर भरून ते आपलाच चित्रपट पाहायला गेले. आपले प्रश्न आपल्या तोंडून सांगणारी माणसे तयार करणे ही चैन नव्हे.

सार काय?

स्मिता पाटील यांच्या बारा वर्षांना प्रतिभा तर लागलीच, पण न अडवणारे घर, संधी देणाऱ्या सार्वजनिक संस्था, धाडसी दिग्दर्शक आणि पैसे टाकणारे साधे लोक हेही लागले. खान्देशने त्यातले घर दिले. बाकीचे पुण्या-मुंबईने आणि देशाने दिले. आज शिरपूर, चोपडा, साक्री किंवा यावलच्या एखाद्या मुलीमध्ये तीच आग असेल, तर तिला घर आणि मोबाइल मिळेल कदाचित. त्यापुढची पायरी मात्र गावाने, जिल्ह्याने बांधायची आहे.

येत्या १७ ऑक्टोबरला ‘आमनी स्मिता’ म्हणून फोटो जरूर पाठवावा. पण त्याआधी घरातल्या, गल्लीतल्या, वर्गातल्या कोणत्या मुलीला स्टेजवर जाताना आपण ‘लोक काय म्हणतील’ म्हणून थांबवले, हेही प्रत्येकाने एकदा आठवावे. आणि जमलेच तर दोन रुपये बाजूला काढून ठेवावेत.